ताओ 'काहीच करू नका' असं कुठे म्हणतो?

ताओ या प्राचीन चिनी विचारपंथावर सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. 'ताओचं रहस्य वू वेई : काही करू नका, प्रवाहासोबत वाहत जा, सराव-बिराव नको, आपोआप वर्तमानात जगाल आणि कामंही दुप्पट होतील.' खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. वू वेई म्हणजे शब्दशः 'न करणं', पण अर्थ ओढाताण न करता केलेली कृती. यातलं जेमतेम अर्धं वाक्य बरोबर आहे.

'काही करू नका' म्हणे. मग वू वेईचं उदाहरण म्हणून कायम ज्याची गोष्ट सांगतात तो च्वांग त्झू या प्राचीन चिनी ताओवादी विचारवंताच्या पुस्तकातला खाटीक डिंग काय करतोय? चांगला राजासमोर बैल कापतोय! साध्या खाटकाची सुरी महिनाभरात जाते, याची 19 वर्षं चाललीय, हजारो बैल कापून धार नव्यासारखी, कारण तो हाडावर घाव घालतच नाही, सांध्यांच्या फटीतून सुरी सरकवतो. आणि फॉरवर्डवाले जे कधीच सांगत नाहीत ते हे की अवघड गाठ आली की डिंग सावध होतो, नजर तिथेच रोखतो, हात एकदम हळू करतो. याला वाहत जाणं म्हणतात होय?

सराव नको? त्याच पुस्तकात काठीने सिकाडा (झाडावर किरकिरणारे किडे) पकडणारा एक कुबडा म्हातारा आहे, तो पाच-सहा महिने काठीच्या टोकावर गोळ्या तोलतो, आधी दोन, मग तीन, मग पाच, तेव्हा कुठे किडे नुसते वेचल्यासारखे हाताला लागतात. डिंगलाही तीन वर्षं लागलीच की, तोवर समोर अख्खा बैलच दिसायचा.

वर्तमानाचं म्हणाल तर हेच ते अर्धं बरोबर, लक्ष तिथे पूर्ण असतंच. पण ॲपवर माइंडफुलनेस म्हणून शिकवतात ते श्वास बघा, विचार बघा, ते मुळात बौद्ध साधनेतून आलंय, अमेरिकी प्राध्यापक जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्सला त्याचा कोर्स सुरू केला, त्यात आपण आपल्याला बघत असतो. च्वांग त्झू म्हणतो, पादत्राण नीट बसलं की पायाचा विसर पडतो. 'मी आत्ता किती प्रेझेंट आहे' हे सारखं तपासताय म्हणजे चप्पल चावतेय.

राहिलं 'कामं दुप्पट'. त्याच पुस्तकातला छिंग नावाचा सुतार घंटा टांगायची चौकट करण्याआधी उपास करतो, तिसऱ्या दिवशी बक्षीस विसरतो, पाचव्या दिवशी वाहवा आणि टीका, सातव्या दिवशी स्वतःचे हातपाय. मग जंगलात जाऊन झाडं बघतो, आणि मनासारखं झाड नाही दिसलं तर काम सोडून देतो, तिथेच लिहिलंय तसं. हे जरा ऑफिसच्या टार्गेट मीटिंगमध्ये सांगून बघा.