कॅनमधली बिअर ‘पत्र्याची’ लागते म्हणणाऱ्यांना उत्तर

सांगली-मिरजेतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. कॅनमधली बिअर घेऊ नका, ॲल्युमिनियम बिअरमध्ये उतरतं, म्हणून तिला पत्र्याची चव येते. खरी बिअर काचेच्या बाटलीतलीच. क्राफ्ट, म्हणजे छोट्या ब्रुअरीत (बिअरच्या कारखान्यात) बनलेली, म्हणून महागात विकली जाणारी डब्यातली बिअर म्हणजे हलका माल. ती टिकावी म्हणून ग्लिसरीन घालतात. बाटली पाण्यात उलटी धरून ते काढता तरी येतं, डब्यातून तेही जमत नाही. आणि शेवटी, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.

लोकांनी ते मनावर घेतलंय. विश्रामबागेत बिअर शॉपीवाल्याला विचारलं तर तो सरळ सांगतो, “दादा, क्राफ्टचे टिन कुणी उचलत नाही. पडून राहतात.” या पडून राहण्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण खरं नुकसान तिथे होतंय. आधी मुद्दे.

ॲल्युमिनियम उतरतं, हा पहिला. कॅन आतून नुसता पत्रा नसतो. आतल्या बाजूला पॉलिमरचं पातळ अस्तर फवारून भाजलेलं असतं. बिअरचा पीएच साधारण ४ ते ४.५, म्हणजे ती चांगलीच आंबट; उघड्या पत्र्यात ठेवली तर तो खाल्ला जाईल, हे डबे बनवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. २४ जानेवारी १९३५ रोजी अमेरिकेतल्या रिचमंड शहरात क्रूगर ब्रुअरीची बिअर पहिल्यांदा डब्यातून विक्रीला आली. ते डबे पोलादी पत्र्याचे होते आणि त्यांनाही आतून अस्तर होतं. ॲल्युमिनियमचा डबा कूर्स कंपनीने १९५९ मध्ये आणला. कोला बिअरपेक्षा कितीतरी आंबट, पीएच २.५ च्या आसपास. तोही अशाच अस्तराच्या डब्यात येतो आणि त्याला पत्र्याची चव येते अशी तक्रार मी आजवर ऐकलेली नाही.

धातूचाच धाक असेल, तर बिअर डब्यात जाण्याआधी कुठे असते ते बघा. ती उकळते, आंबते, मुरते ती स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत. इथली कितीतरी मंडळी पुण्याला गेली की मायक्रोब्रुअरीत जाऊन नळाची ताजी बिअर पितात आणि परत आल्यावर तिचं कौतुक थांबत नाही. पुण्यात डूलाली या मायक्रोब्रुअरीने २००९ मध्ये सुरुवात केली, तेव्हापासून हे चाललंय. ती बिअरही स्टीलच्या टाकीतून, नाहीतर स्टीलच्या पिंपातूनच नळाला येते.

मग पत्र्याची चव लागते असं जे म्हणतात ते खोटं बोलतात का? नाही, त्यांना ती जाणवते. डबा तोंडाला लावला की नाक झाकणावर येतं. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासच असतो, आणि त्या छोट्या भोकातून बिअरचा वास वर येतच नाही. नाकाला मिळतो तो ओल्या झाकणाचा आणि डबा धरलेल्या हाताचा वास, ओठाला गार कडा लागते, आणि मेंदू त्याची बेरीज करून ‘पत्रा’ म्हणतो. यात मनाचाही भाग आहे. २०१६ मध्ये एडिनबराच्या विज्ञान महोत्सवात लोकांना डब्यातली आणि बाटलीतली एकच बिअर कपात ओतून दिली. ती बाटलीतून ओतताना ज्यांनी पाहिली, त्यांना ती जास्त चांगली लागली. उपाय सोपा आहे: ग्लासात ओता. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधली हेडी टॉपर ही नावाजलेली बिअर डब्यातूनच प्या असं डब्यावरच छापते. मला ते पटत नाही. वासासाठी पैसे मोजायचे आणि नाक बंद ठेवायचं, यात काय हशील?

आरोग्याबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. डब्यातल्या बिअरमध्ये ॲल्युमिनियम लिटरमागे सहसा एका मिलिग्रॅमच्या आतच असतं. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त समितीने २०११ मध्ये ठरवलेली मर्यादा वजनाच्या दर किलोला आठवड्याला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम. खरा प्रश्न अस्तरातल्या बिस्फेनॉल-ए या रसायनाचा आहे आणि त्या मजकुरात नेमका तोच नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची मर्यादा फार खाली आणली आणि अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत तो वापरायला युरोपीय संघाने बंदी घातली. अनेक डबे कारखान्यांनी त्याच्याशिवायची अस्तरं आणली आहेत. ही शंका रास्त आहे. पण तब्येतीच्या काळजीने लिहायचं, तर आधी अल्कोहोलबद्दल लिहायला हवं. ते १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत आहे, बाटलीतलं असो की डब्यातलं.

आता ‘खरी बिअर काचेतलीच’. या वाक्याने सगळ्यात जास्त गैरसमज पसरवलाय, म्हणून इथे जरा थांबतो.

बिअरचा कडूपणा हॉप्सच्या फुलांतून येतो. त्यातल्या कडू आम्लांवर निळा-जांभळा प्रकाश पडला की बिअरमधलंच रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, तो प्रकाश पकडतं आणि ती आम्लं मोडतात. त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. घरगुती गॅस गळला की कळावा म्हणून त्यात जो उग्र वास मिसळतात, त्याच कुळातलं हे संयुग. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला सापडतं. पारदर्शक बाटलीत उन्हात हे काही मिनिटांत होतं. हिरवी काच थोडाच बचाव करते, तपकिरी बरीच वाचवते पण पूर्ण नाही. डब्यात प्रकाश शिरतच नाही.

हे सांगलीकरांना समजावून सांगावं लागू नये. तासगाव भागात द्राक्षं सुकवताना शेडवर जाळी का टाकतात? थेट ऊन लागलं की बेदाणा काळपट पडतो, भाव जातो. माल तोच, उन्हाने त्याचं रूप बदलतं. हिरव्या बाटलीतल्या बिअरचं तसंच होतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे शॉपीचा काचेच्या दाराचा फ्रिज रस्त्याकडे तोंड करून असतो, आत दिवसभर ट्यूब जळते, आणि क्रेट उतरवून झाले की ते कितीतरी वेळ फुटपाथवर उन्हात असतात. अशा ठिकाणी ज्या बिअरमध्ये हॉप्सच मुख्य आहेत, ती आयपीए मी तरी डब्यातलीच घेईन.

दुसरा शत्रू प्राणवायू. तो शिरला की बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. बाटलीच्या बुचातल्या पातळ पट्टीतून हवा अगदी मंद का होईना आत जात राहते. डब्याची कडा झाकणाबरोबर दुहेरी दुमडलेली असते, तिथून वाट नसते. मात्र एक गोष्ट बाटलीच्या बाजूची आहे. डब्याचं तोंड रुंद असल्यामुळे भरतानाच त्यात जास्त हवा अडकू शकते. चांगली ब्रुअरी आधी कार्बन डायऑक्साइडने डबा धुऊन काढते आणि फेसावर झाकण बसवते. हलगर्जी करणाऱ्याची बिअर डब्यातही लवकर शिळी होते. आणि जी बिअर बाटलीतल्याच यीस्टवर वर्षानुवर्षं मुरवायची असते, बेल्जियममधल्या मठांत बनते तशी, तिला जाड काचच शोभते.

ग्लिसरीनचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण त्यात चांगली बिअर वाया जाते. बाटली उघडायची, तोंडावर अंगठा धरून पाण्याच्या ग्लासात उलटी करायची आणि अंगठा काढायचा. बाटलीच्या तोंडातून सोनेरी धार संथपणे तळाकडे उतरताना दिसते. “बघ, ग्लिसरीन निघालं.” ती धार बिअरची असते. बिअरमध्ये न आंबलेली थोडी साखर राहते, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड; म्हणून ती खाली येते आणि तिच्या जागी ग्लासातलं पाणी वर बाटलीत चढतं. नंतर ती बिअर मऊ लागते, डोकं धरत नाही म्हणतात, ते तिच्यात पाणी मिसळल्यामुळे. ग्लिसरीन पाण्यात पूर्ण विरघळतं, बाटलीत ते वेगळं बसून राहूच शकत नाही. आणि बिअरमध्ये ते थोडं असतंच, लिटरमागे साधारण १ ते ३ ग्रॅम, कारण आंबवताना यीस्ट स्वतःच ते तयार करतं. टिकण्याचं काम अल्कोहोल, हॉप्स, आंबटपणा आणि पाश्चरायझेशन करतात, बाटलीत असो की डब्यात.

हलका माल डब्यात, हे तर उलटंच आहे. २००२ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑस्कर ब्लूज या छोट्या ब्रुअरीने हाताने चालवायच्या यंत्रावर आपली डेल्स पेल एल ही बिअर डब्यात भरायला घेतली, आणि तिथून क्राफ्टवाले डब्याकडे वळले. एका ब्रुअरीत एकच बिअर डब्यात आणि बाटलीत जाते, तेव्हा ती एकाच टाकीतून जाते.

तरीही सांगलीत डब्यातली क्राफ्ट बिअर पिऊन “बेकार आहे” म्हणणारे भेटतात आणि पुष्कळदा त्यांचं बरोबर असतं. कारण ती बिअर जुनी असते. ब्रुअरीवाल्यांचा एक ढोबळ आडाखा आहे: ३ अंशांवर ३०० दिवसांत बिअर जितकी शिळी होते, तितकी २२ अंशांवर ३० दिवसांत आणि ३२ अंशांवर ३ दिवसांतच होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. मजकूर वाचून कुणी टिन उचलत नाही, खोकी शॉपीच्या मागच्या खोलीत उन्हाळा काढतात, हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो, मग कुणीतरी हौसेने एक घेतो आणि त्याला मजकूर खरा वाटतो. शॉपीवाला पुढची ऑर्डर देत नाही. इथे जेमतेम पोचू लागलेली वेगळी बिअर अशाने बंद पडेल, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून घेताना डबा उलटा करून बुडावरची तारीख वाचा. आयपीए असेल तर तीन महिन्यांच्या आतलीच घ्या. फ्रिजमधलाच डबा मागा, खोक्यातला नको. गव्हाची बिअर असेल तर दोन तृतीयांश ओता, उरलेली डब्यातच हलके फिरवा आणि मग ओता; तळाशी बसलेलं यीस्ट वर येतं आणि लवंग-केळ्याचा वास भरून येतो. लसणीच्या तिखट भडंगाबरोबर ती छान जमते.

एवढं वाचूनही बाटलीच बरी वाटत असेल, तर घरी ताडून बघा. एकाच बिअरचा, शक्यतो एकाच महिन्यातला, डबा आणि पाईंट, म्हणजे छोटी बाटली, घ्या, दोन्ही सारखे थंड करा. तीन सारखे ग्लास, दोनांत एक आणि तिसऱ्यात दुसरी, तुमच्या नजरेआड दुसऱ्या कुणीतरी ओतायची. वेगळा ग्लास कोणता ते ओळखा. अंदाजपंचे सांगितलं तरी तीनांत एकदा बरोबर येतंच, त्यामुळे एका फेरीवर निकाल लावू नका. घोट घोट घेऊन, ग्लासांच्या जागा बदलून पुन्हा करा.