‘वेबसाइटला हात लावू नका’ या संदेशाला उत्तर

छोट्या संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतोय. त्याचा आशय असा: वर्डप्रेस (साइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) फुकटचं, म्हणून हॅक होतं. अपडेट केलं की साइट मोडते, म्हणून करू नका. ऑफिसातल्या माणसाला लॉगिन दिलं तर तो सगळं पुसून टाकेल. शिवाय मराठी त्यात धड चालत नाही. तेव्हा साधी एचटीएमएल साइट (लॉगिन नसलेली, थेट कोडमध्ये लिहिलेली पानं) करून घ्या आणि काही बदलायचं असलं की बनवणाऱ्याला फोन करा.

मी ग्रंथालयांच्या आणि शाळांच्या साइट सांभाळतो. हा सल्ला मानलेल्या एका संस्थेच्या पहिल्या पानावर तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेची नोटीस अजून आहे. ती पाहून राहवलं नाही.

आधी ‘फुकट म्हणून हॅक’. वर्डप्रेस २००३ साली आलं आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात. एवढ्या साइट असल्यावर चोरांचा डोळा त्यावर असणारच, आणि त्यात भोकं सापडतात हेही खरं. ४.७ आवृत्तीत असंच एक सापडलं होतं: लॉगिन न करता कुणालाही दुसऱ्याच्या साइटवरचा लेख बदलता येत होता. दुरुस्ती असलेली ४.७.२ आवृत्ती २६ जानेवारी २०१७ला आली. भोक कुठे होतं हे मात्र १ फेब्रुवारीला जाहीर केलं, तोवर साइट अपडेट व्हाव्यात म्हणून मुद्दाम थांबून. त्यानंतरच्या काही दिवसांत लाखो पानं विद्रूप झाली. कुणाची? ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांची. म्हणजे संदेशातला ‘अपडेट करू नका’ हा सल्लाच हॅक होण्याची वाट मोकळी करतो.

अपडेटने साइट मोडते, हे मात्र मी साफ नाकारणार नाही. मोडलेल्या पाहिल्या आहेत. पण कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं. एखादं प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेली जादा सोय, त्याच्या कर्त्याने कधीच सोडून दिलेलं असतं. नाहीतर साइट बनवणाऱ्याने चाइल्ड थीम (आपले बदल वेगळे ठेवायची जोड-थीम) न करता मूळ थीमच्याच, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्याच्याच, फाइलींत बदल केलेले असतात, आणि थीम अपडेट झाली की ते पुसले जातात. हा दोष कामाचा आहे, अपडेटचा नाही. छोट्या सुरक्षा-दुरुस्त्या तर २०१३च्या ३.७ आवृत्तीपासून आपोआप बसतात. मोठ्या अपडेटआधी बॅकअप घ्या, तोही फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा. लेखांचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. नुसत्या फाइलींची झिप करून निर्धास्त झालेले लोक पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

लॉगिनची भीती फोल आहे. सगळ्यांना ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेला, करायचं नसतंच. ‘काँट्रिब्युटर’ मसुदा लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही. लेखाच्या जुन्या आवृत्त्या ‘रिव्हिजन’मध्ये सापडतात आणि काढून टाकलेला लेख तीस दिवस ट्रॅशमध्ये असतो.

आता मराठी. तक्रार खरी, निदान चुकीचं. आपल्याकडे नोटिसा अजून कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. त्यात ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतो, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. साइटवर चिकटवला की मुखवटा गळतो आणि सगळे म्हणतात, वर्डप्रेसने मराठी बिघडवलं. मजकूर युनिकोडमध्ये (मराठी अक्षर संगणकाच्या लेखीही मराठीच राहतं अशी पद्धत) करून घ्या, काना-मात्रा जागच्या जागी राहतील. लिंकचंही तसंच. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह लिंकमध्ये नऊ अक्षरांचं होतं, म्हणून व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते. प्रसिद्ध करण्याआधी लिंकच्या रकान्यात रोमन लिपीत दोन-तीन शब्द स्वतः टाका.

पत्ता, फोन आणि नकाशा एवढंच एक पान हवं असेल तर एचटीएमएल खुशाल घ्या, सांभाळायला सोपं जाईल. पण जिथे वेळापत्रक, नोटिसा, निकाल बदलत राहतात तिथे किल्ली संस्थेकडेच हवी.

गेल्या पावसाळ्यात एका ग्रंथालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. ग्रंथपाल मॅडमनी सकाळी साडेसहाला घरूनच मोबाइलवर लॉगिन करून ‘आज वाचनालय बंद, पुस्तकं परत करायला दोन दिवस वाढवून’ एवढी ओळ टाकली. मला ते नऊ वाजता कळलं, साइट उघडल्यावर.