घरपोच स्वस्त दारू : खुलासा

‘ऑनलाइन मागवा, गोव्याच्या भावात घरपोच’ हा मेसेज बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर फिरतोय. तो खोटा आहे. कर्नाटकात दारू घरपोच विकायचा परवाना दुकानांना नाही, त्यामुळे ऑनलाइन स्वस्त आणि दुकानात महाग ही तुलनाच चुकीची. बाटलीवरची एमआरपी अबकारी करासकट ठरते आणि माल सरकारी महामंडळाकडूनच येतो. सीएल-२ म्हणजे बाटलीबंद दारू विकायचा परवाना; तो असलेल्या दुकानदाराला एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही. बारमधला पेग महाग पडतो, ते गणित वेगळं. गोव्यात कर कमी, म्हणून बाटली स्वस्त, हे मात्र खरं. पण विनापरवाना चोर्ला घाटातून आणलीत तर कणकुंबीच्या नाक्यावर गाडीसकट अडकाल. आणि आधी क्यूआरवर पैसे मागणारा? तो बहुधा बाटली पाठवतच नाही.