दिवसभर त्याच्याजवळ कोण असणार?

आठवड्यातून एकदा तरी इनबॉक्समध्ये हा मेसेज येतोच. "ताई, आम्ही जर्मनीला शिफ्ट होतोय, कुत्रा न्यायचाय. एजंट कोण होता तुमचा? खर्च किती आला?" परवा नाशिकच्या एका ताईंचा आला, आणि त्यांचा कुत्रा अकरा वर्षांचा आहे हे वाचून मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. आता एकदाच सगळं लिहून टाकते. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचे दोघे. चिकू हा लॅब्रॅडॉर, इथे आणला तेव्हा आठ वर्षांचा. आणि बंड्या, अस्सल गावठी, पुण्यात कर्वेनगरात भर पावसात माझ्या स्कूटरखाली येऊन बसलेलं पिल्लू, तो तेव्हा सहाचा. हॅनोव्हरमधला हा आमचा तिसरा हिवाळा.

आधी कागदपत्रं, कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. रेबीजच्या बाबतीत युरोपियन युनियनच्या सवलतीच्या यादीत भारत नाही. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: पहिली मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळख-क्रमांकाची चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, आणि ते रक्त युरोपने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासलं गेलं पाहिजे. अँटिबॉडी ०.५ युनिट प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त आल्या की पास. त्यानंतरही रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने गेलेच. आमची चूक सांगते. दोघांनाही दरवर्षी न चुकता लस दिलेली होती, पिवळी पुस्तकं भरलेली होती, आणि मी अगदी ऐटीत ती पुस्तकं घेऊन गेले. चिप कुठाय? चिप नव्हतीच. चिपच्या आधीची लस या कामासाठी शून्य. सहा वर्षांच्या नोंदी असूनही आम्ही पहिल्या दिवसावर. नवऱ्याची जॉइनिंगची तारीख मात्र कुणासाठी थांबणार नव्हती, तो पुढे गेला आणि मी कुत्र्यांसकट मागे राहिले.

अजून दोन गोष्टी, ज्या एजंट सांगतोच असं नाही. एकदा ही रक्ततपासणी पास झाली की ती पुन्हा करावी लागत नाही, पण बूस्टर वेळेत हवा. एक दिवस जरी उशीर झाला तरी चिप सोडून सगळं परत पहिल्यापासून. आणि कुत्रा मालकाबरोबर किंवा मालकाच्या पाच दिवस आगेमागे गेला तरच तो 'स्वतःचा पाळीव प्राणी' धरतात, नाहीतर व्यापारी मालाचे नियम लागतात. मीच कुत्र्यांबरोबर उडाले, म्हणून नवऱ्याला तिकीट काढून परत यावं लागलं नाही. शेवटचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्याच्या सहीशिक्क्याचं लागतं आणि ते मिळाल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोहोचायचं असतं. त्यासाठी मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन कार्यालयात दोघांना घेऊन गेले. एक्स्प्रेस वेवर चिकूने दोनदा उलटी केली, बंड्याने एकदाही नाही.

खर्च? आमच्या दोघांच्या तिकिटांपेक्षा कुत्र्यांचा जास्त झाला, एवढंच सांगते. आकडा सांगितला की सासरचे लोक ही पोस्ट वाचतील.

पिंजऱ्याबद्दल मात्र हात जोडून सांगते. कुत्रा उभा राहिला, गोल फिरला, पाय पसरून झोपला तरी पुरेल एवढा मोठा घ्या आणि तीन महिने आधी घरात आणा. आम्ही दार काढून हॉलमध्ये ठेवला, जेवण आत, दुपारची झोप आत. शेवटी शेवटी बंड्या रागावला की स्वतःच त्यात जाऊन बसायचा. आणि कुणी कितीही सांगितलं तरी झोपेचं औषध देऊ नका. वर गेल्यावर त्याने रक्तदाब पडतो, श्वासाला त्रास होतो आणि तिथे बघायला कुणी नसतं. गुंगीतला कुत्रा एअरलाइन घेतही नाही. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्यांना तर बऱ्याच कंपन्या सरळ नाही म्हणतात. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण नऊ तास. फ्रँकफर्टला प्राण्यांसाठी वेगळं टर्मिनलच आहे, तिथे चिप वाचली, कागद पाहिले, आणि तासाभराने दोघं बाहेर. चिकूने पहिल्या दिसलेल्या जर्मन माणसाच्या बुटाला अंग घासलं. बंड्या पिंजऱ्यातून बाहेर येईना. तिथून साडेतीनशे किलोमीटर गाडीने हॅनोव्हर.

इथवरचं सगळं जमतं हो. पैसे आणि चिकाटी असली की जमतं. लोक प्रश्न इथपर्यंतचेच विचारतात, म्हणून उत्तरंही इथपर्यंतचीच मिळतात.

आता तुम्हाला मी विचारते. पुण्यात तुमचा कुत्रा कोण सांभाळतं?

मीही छातीठोकपणे 'मी' म्हणाले असते. पण मोजून बघा. सकाळी सहाला वॉचमन काका गेट उघडायचे तेव्हा बंड्या त्यांच्याबरोबर खाली. नऊला कामाच्या मावशी यायच्या, पोळ्या करताना पहिली पोळी चिकूची. अकरा ते चार सासूबाई घरात, टीव्ही चालू, दोघं त्यांच्या पायाशी. संध्याकाळी खालची पोरं. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडे बंड्याचं खारीचं खातं होतं आणि महिन्याच्या शेवटी ते मी चुकतं करायचे. मी काय करत होते? रविवारी आंघोळ, डॉक्टर, आणि इन्स्टाग्राम. दहा माणसांनी सांभाळलेलं कुत्रं मी 'माझं' म्हणून विमानात घातलं आणि इथे आल्यावर कळलं की त्या दहांपैकी फक्त दोघं आलीत, त्यातही दोघंही ऑफिसला जातात.

पहिल्या महिन्यात शेजारच्या बाईंची दाराला चिठ्ठी. अतिशय सभ्य भाषेत. तुमचा कुत्रा नऊपासून दुपारी दोनपर्यंत रडतो, तो आजारी आहे का? त्या तक्रार करत नव्हत्या, त्यांना खरंच काळजी वाटली होती, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली. इथे कुत्र्याला चार-पाच तासांपेक्षा जास्त एकटं ठेवणं वाईट समजतात. आपल्याकडे कुत्रा एकटा राहतो का, हा प्रश्नच पडत नाही, कारण घर कधी रिकामंच नसतं.

मग बसवली घडी. नवरा दोन दिवस घरून काम करतो. उरलेल्या दिवसांसाठी एक निवृत्त आजी मिळाल्या, तासावर पैसे घेतात, आणि माझ्या पगारातला बऱ्यापैकी तुकडा तिकडे जातो. बंड्या जर्मन ऐकत नाही म्हणून त्यांनी 'चल', 'थांब' आणि 'नको रे' हे तीन शब्द शिकून घेतलेत. 'नको रे' त्या अगदी माझ्या सासूबाईंच्या हेलात म्हणतात. कुठून आला तो हेल, देव जाणे.

घर शोधण्याचीही गंमतच. भाडेकरारात 'कुत्रा-मांजर अजिबात चालणार नाही' असं सरसकट लिहिता येत नाही, असं इथल्या संघीय न्यायालयाने २०१३ साली सांगितलेलं आहे. आपल्याकडेही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही असं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांत आहे आणि सोसायट्या काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. इथे कुणी बंदी घालत नाही, फक्त कुत्रा नसलेल्या माणसाला घर देतात. चौदावं घर मिळालं, तेही तळमजल्याचं.

आणि नियम! हॅनोव्हर ज्या राज्यात येतं त्या नीडरझाक्सनमध्ये २०१३ पासून कुत्रा पाळायचा तर माणसाला परीक्षा द्यावी लागते. लेखी आणि प्रात्यक्षिक. मागच्या दहा वर्षांत सलग दोन वर्षं कुत्रा पाळल्याचं दाखवलंत तर सूट आहे. दाखवायला माझ्याकडे काय? महापालिकेचा परवाना मी कधी काढलाच नव्हता (तुम्ही काढलाय का? खरं सांगा). कागद जुळवत बसण्यापेक्षा परीक्षा सोपी म्हणून नवरा बसला. प्रात्यक्षिकात चिकूला 'बस' म्हटल्यावर तो बसला आणि परीक्षकांनी विचारलं, ही कुठली आज्ञा? शिवाय विमा सक्तीचा, नोंदणी सक्तीची, महापालिकेचा कुत्रा-कर, आणि दुसऱ्या कुत्र्याला पहिल्यापेक्षा जास्त. १ एप्रिल ते १५ जुलै रानात पट्टा सोडायचा नाही, पक्ष्यांच्या विणीचा काळ. पुण्यात बंड्याच्या गळ्यात पट्टा यायचा तो फक्त डॉक्टरकडे जाताना, त्यामुळे पहिलं वर्षभर पट्टा काढला की तो 'झालं का इंजेक्शन?' असं बघायचा.

मला या नियमांचा राग येत नाही, हे मुद्दाम लिहिते. 'काय बाई कटकट' म्हणणाऱ्यांनी आपल्या सोसायटीच्या जिन्यात काय पडलेलं असतं ते आठवावं.

डॉक्टर महाग आहेत. पशुवैद्यांच्या फीचं दरपत्रक सरकारी असतं, नोव्हेंबर २०२२ मध्ये ते वाढलं. नुसतं तपासायचे कर सोडून २३.६२ युरो, हा सगळ्यात खालचा दर, आणि डॉक्टर त्याच्या तिप्पट लावू शकतात. रात्री-अपरात्री गेलात तर किमान दुप्पट आणि वर ५० युरो आपत्कालीन फी. पण एक चांगलं सांगते. हॅनोव्हरचं पशुवैद्यक विद्यापीठ १७७८ सालचं आहे. बंड्या सुस्त झाला, नाकातून रक्त आलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, कुठल्या देशातून आलाय? गोचिडांमुळे होणारा जुना एर्लिकिया निघाला. पुण्यात दोन वर्षांपूर्वी होऊन गेला होता, आणि मी तो विसरले होते. म्हणून येताना तुमच्या डॉक्टरांकडून सगळा इतिहास औषधांच्या नावांसकट टाइप करून घ्या. हाताने लिहिलेलं आपल्यालाही वाचता येत नाही.

आयलेनरीडेत, म्हणजे शहराच्या पोटात असलेल्या मोठ्या जंगलात, फिरताना बंड्याकडे बघून लोक हमखास विचारतात, रुमानियाचा का? तिथले रस्त्यावरचे कुत्रे इथे खूप दत्तक घेतात. मी म्हणते, नाही, कर्वेनगरचा.

चिकूचं काय सांगू? चिकू सुखात आहे. ज्याच्या हातात खाऊ तो त्याचा देश. पहिल्या बर्फात तो आडवा लोळला. एकतीस डिसेंबरला इथे जे फटाके उडतात त्यापुढे आपली दिवाळी सौम्य वाटावी, तरी तो घोरत असतो.

बंड्याचं तसं नाही. सगळे म्हणाले होते, गावठी काटक असतात, कुठेही तगतात. तगला की. थंडीचं जाकीट घालतो, बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पंजे चिरतात म्हणून घरी आल्यावर कोमट पाण्यात पाय धुऊ देतो. पण पुण्यात रात्री अकराला तो गॅलरीत जाऊन भुंकायचा आणि खालून, मग पुढच्या चौकातून, मग पार कालव्याकडून उत्तरं यायची. दहा मिनिटं ती सभा चालायची आणि मग तो आत येऊन झोपायचा. इथे रस्त्यावर एकही कुत्रा नाही. आला त्या पहिल्या आठवड्यात तो खिडकीशी उभा राहून भुंकला, थांबला, कान टवकारून ऐकत राहिला. परत भुंकला. परत ऐकलं. चार-पाच रात्री केलं असेल. मग बंद. आता तो रात्री भुंकत नाही आणि शेजारचे कौतुक करतात, किती शहाणा झाला म्हणून.

चिकूला मी पुन्हा आणीन. बंड्याला आणलं असतं का, याचं उत्तर मला तीन वर्षांत देता आलेलं नाही. त्याला सासूबाईंकडे ठेवला असता तर त्याच्याजवळ मी सोडून सगळे राहिले असते. पण तेव्हा असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला फ्रेंडलिस्टमधून काढलं असतं. कुत्रा सोडून जाणारे सगळे निर्दयी, असं मीच इथे एका पोस्टमध्ये लिहिलं होतं. रस्त्यावर सोडून जाणाऱ्यांबद्दल आजही तेच म्हणेन. पण ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसांत ठेवून जाणाऱ्यांबद्दल तेव्हा जे बोलले ते मी मागे घेते.

तर नाशिकच्या ताई. तुम्ही लिहिलंय की तो अकरा वर्षांचा आहे, गुडघे दुखतात, घराला अंगण आहे, आणि दिवसभर तुमच्या बाबांच्या खुर्चीखाली असतो. तुम्ही दोघंही पूर्णवेळ नोकरीवर असणार आहात, घर चौथ्या मजल्यावर आहे. एजंटचा नंबर पाठवते, माणूस चांगला आहे. पण तुम्ही मत विचारलंत म्हणून सांगते, नेऊ नका. राग येईल, येऊ दे. आधी बाबांना विचारा, तुम्ही त्यांना अजून विचारलेलंच नाहीये असं मला मेसेजवरून वाटलं.

आणि न्यायचं ठरो न ठरो, चिप याच आठवड्यात बसवून घ्या. लस त्याच्यानंतर. आधी नाही.