सर्व्हर सगळ्यांचा आहे, लायब्ररी ज्याच्या त्याच्या आहेत!

शनिवार-रविवारात ॲडमिनने ऑफिसचा सामायिक सर्व्हर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर नेला. कुणालाही न सांगता. सोमवारी वाकडचं ट्रॅफिक सोसून हिंजवडीला पोचले, स्क्रिप्ट चालवली, तर 'मॉड्यूल नॉट फाउंड'. पायथन भाषेतल्या तयार कोडच्या लायब्ररीच गायब: नम्पाय नाही, पँडास नाही, शुक्रवारी रात्री नीट चाललेलं काहीच नाही. प्रत्येकाचं व्हेन्व, म्हणजे आपापल्या लायब्ररी ठेवायचा वेगळा कप्पा, मेलेलं, कारण त्यातला पायथन म्हणजे सिस्टीमच्या पायथनकडे जाणारी नुसती लिंक. तो ३.१० चा ३.१२ झाला. आमच्या लायब्ररी ३.१० च्या फोल्डरात पडून आहेत आणि नवा पायथन तिकडे ढुंकूनही बघत नाही. दुपारी क्लायंटला डेमो!

ॲडमिनला गाठलं तर उत्तर काय? "अगं, व्हेन्व लागतंच कशाला? ॲप्टमध्ये सगळं आहे. ॲप्टनेच घ्या, म्हणजे सगळ्यांचं एकसारखं राहील."

ॲप्ट म्हणजे उबुंटूचं स्वतःचं इन्स्टॉलर. पण एकसारखं कशाला राहायला हवंय? माझ्या प्रोजेक्टला नम्पाय २ लागतं, शेजारच्या टीमचा जुना कोड १ शिवाय उठत नाही. ॲप्ट देणार एकच, १.२६.४. उबुंटू २४.०४ आलं एप्रिल २०२४ मध्ये, नम्पाय २.० आलं जूनमध्ये. आता हे उबुंटू आहे तोवर ॲप्टमधलं नम्पाय जागचं हलणार नाही. यात उबुंटूची चूक नाही. त्यांच्या स्वतःच्या अवजारांना पायथन लागतो, तो डळमळू नये म्हणून त्यांनी आवृत्त्या गोठवल्यात. ती पॅकेजेस त्या अवजारांसाठी आहेत, माझ्या मॉडेलसाठी नाहीत! सोसायटीच्या टाकीत कुणी आपापलं सरबत कालवतं का?

बरं, ॲप्टने घ्यायचं तर लायब्ररींची नावं तरी ओळखू यावीत. ब्यूटिफुलसूप शोधा, ते 'पायथन३-बीएस४' नावाने बसलंय. पिलो हवंय? 'पायथन३-पीआयएल'. जे पॅकेजच केलेलं नाही त्याचं काय, हे विचारलं की ॲडमिन मान वळवतो.

पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, टाकायला गेलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार. तो संदेश पूर्ण वाचा हो कुणीतरी! पहिल्या वाक्यात ॲप्ट आहे, पुढच्याच वाक्यात स्वच्छ लिहिलंय की व्हेन्व बनवा. आमच्याकडे सगळे पहिल्या वाक्यावर थांबतात. आणि जे थांबत नाहीत ते त्याहून वाईट. नवीन आलेल्या पोरीला एका सीनियरने तो नकार डावलणारा 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस'चा फ्लॅग शिकवला. सामायिक सर्व्हरवर, सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, लावून! अरे, फ्लॅगच्या नावातच लिहिलंय ना काय होणार ते? हीच माणसं वर्षानुवर्षं 'सुडो पिप इन्स्टॉल' सांगत आली. तसं टाकलेलं सिस्टीमच्या लायब्ररीच्या आधी उचललं जायचं आणि मग भलतंच कुठलं तरी टूल कोसळायचं. वर तोंड करून म्हणणार, "माझ्या मशीनवर तर चालतंय." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

शेवटी म्हटलं, नवं व्हेन्व करते. तेही होईना! उबुंटूवर त्याचा एक तुकडा 'पायथन३-व्हेन्व' नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतो, तो टाकलेला नव्हता. टाकायला सुडो हवं, सुडो ॲडमिनकडे आणि ॲडमिन जेवायला गेलेला. डेमो पुढे ढकलला. क्लायंटसमोर मान खाली घालून मी बसले, तो नाही.

'पायथन३-व्हेन्व' आजच्या आज टाका. ज्या प्रोजेक्टला पायथनची ठरावीक आवृत्ती लागते त्याला ती वेगळी द्या, सिस्टीमच्या पायथनवर टांगू नका. लायब्ररींची यादी असते त्या रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये आवृत्त्या लिहा, नुसती नावं नकोत. आणि सर्व्हर अपग्रेड करायच्या आधी एक मेल टाका. एक मेल!