आत्या श्वास घेते, मी लिहून घेते

'पीएचडी कशात?' हा प्रश्न लग्नकार्यात जेवणाच्या रांगेत हमखास येतो. 'डिस्कोर्स ॲनालिसिस' म्हटलं की समोरचा 'अरे वा' म्हणतो आणि जिलबीकडे वळतो. म्हणून एकदा सोपं करून सांगितलं, 'माणसं कशी बोलतात त्याचा अभ्यास.' त्यावर 'तोंडाने!' एवढं बोलून एका काकांनी माझं संशोधन ताटावरच आटोपलं.

माझा विषय आणखी चिंचोळा आहे: मराठी घरांतले पाहुणे निरोप कसा घेतात. म्हणजे सोफ्यावरचं 'चला, निघते' आणि लिफ्टचं दार लागणं यांच्या मधला प्रदेश. या प्रदेशात हळदीकुंकू लागतं, लोणच्याची बरणी भरली जाते, कोणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन निघतं आणि ज्यासाठी पाहुणे आलेले असतात तो मुख्य विषय चपलेत पाय सरकवताना निघतो. शेग्लॉफ आणि सॅक्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ सालीच दाखवून दिलंय की संभाषण आपोआप संपत नाही, ते दोघांनी मिळून संपवावं लागतं. एकाने 'बरं मग' असं काहीतरी म्हणायचं आणि दुसऱ्याला संधी द्यायची, की बाबा, काही राहिलं असेल तर आत्ताच बोल. आमच्याकडे ही संधी कोणी वाया घालवत नाही. शिवाय त्यांनी अभ्यासलेलं बोलणं बरंचसं टेलिफोनवरचं होतं. फोन ठेवता येतो. आत्याला ठेवता येत नाही.

पण खरं दुखणं रेकॉर्डिंग लिहून काढण्याचं. शेग्लॉफ-सॅक्स यांच्या सहकारी गेल जेफरसन यांनी त्यासाठी चिन्हांची पद्धत घालून दिली, ती जगभर वापरतात. त्यात कोण काय म्हणालं एवढ्यावर भागत नाही. दोघं एकदम बोलले तर चौकटी कंस, तेही वरखाली एका रेषेत. गप्प बसले तर किती वेळ, ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. स्वर लांबवला तर कोलन. श्वास आत घेतला तर टिंब आणि पुढे ह. उदाहरणार्थ:

आत्या: .हहह चला:: (०.६) निघते [आता
आई: [अहो वन्सं, बसा की

या दोन ओळींनी माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली, कारण दोघींचं बोलणं जिथे एकमेकींवर चढतं नेमकी तिथेच कुकरची शिट्टी आहे. आणि हे कंस एका रेषेत आणायचे म्हणजे छळ. इंग्रजीत टाइपरायटरसारख्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला सारखी जागा मिळते, कंसाखाली कंस मुकाट बसतो. देवनागरीत एखादं जोडाक्षर आलं की खालचा कंस सरकलाच. वर पाहिलंत ना? आई आत्याच्या आधीच बोलायला लागल्यासारखी दिसते. (तशी ती लागतेही, पण इथे नाही.) कोलनची तऱ्हा वेगळीच. तो अक्षराला चिकटला की विसर्ग होतो. डिपार्टमेंटमधल्या एका सरांनी पानं चाळून विचारलं, "तुमच्या आत्या संस्कृत बोलतात का?"

जेफरसनबाईंनी शेग्लॉफ आणि सॅक्स यांच्यासोबत १९७४ साली लिहिलेला लेख आमच्याकडे पोथीसारखा वाचतात. त्यात म्हटलंय की बहुतेक वेळा एका वेळी एकच जण बोलतो. दोघं एकदम बोलतात, पण ते थोडक्यात आटपतं. मी माझ्या गाइड मॅडमना आमच्या घरची चार बायकांची फाइल नेऊन ऐकवली. मला वाटलं, सिद्धान्त पडला, पीएचडी झाली. मॅडमनी डोळे मिटून शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "नीट ऐक. या दोन-दोघींची वेगळी बोलणी चालली आहेत." चार माणसं जमली की संभाषणाला फाटे फुटू शकतात, हेही त्याच लेखात आहे. सिद्धान्त शाबूत, मी परत हेडफोन लावून.

या अभ्यासाने कान बिघडतात ते वेगळंच. होकार चटकन येतो, नकार मात्र घुटमळत, 'अं', 'तसं बघितलं तर' करत येतो, हे एकदा शिकलं की माणूस सुखाने फोन करू शकत नाही. "मॅडम, चॅप्टर वाचलात?" आणि पलीकडे शांतता. ती अर्ध्या सेकंदापुढे गेली की मी मनातल्या मनात प्रकरण पुन्हा लिहायला घेते. मॅडम पडल्या याच विषयातल्या. मी मोजतेय हे त्यांना माहीत असतं. म्हणून त्या एक क्षणही न दवडता "छान!" म्हणतात आणि 'पण' त्यानंतर येतो. घरी नवऱ्याला 'काय झालं?' विचारल्यावर तो 'काही नाही' म्हणायला किती वेळ घेतो हेही मला आता दिसतं, आणि ते मी मोजते हे त्याला दिसतं. त्यामुळे हल्ली तो व्हॉट्सॲपवर बोलतो.

सहामाही प्रगती अहवालाच्या बैठकीत समितीतले एकजण दर वेळी विचारतात, "सॅम्पल किती?" मी रेकॉर्डिंग किती मिनिटांचं ते सांगते. "तसं नव्हे, माणसं किती? प्रश्नावली कुठाय?" मी सांगते की प्रश्नावली नाही, माणसं आपणहून बोलतात. यावर ते जो श्वास सोडतात तो मला नीट लिहिता येईल.

नैतिक संमतीपत्राचं प्रकरण मला वाटलं होतं कागदोपत्री मिटेल. नियम असा, की रेकॉर्डिंगला प्रत्येकाची सही हवी आणि प्रबंधात नावं बदलायची. काका उसळले, "नाव का बदलायचं? मी काय गुन्हा केलाय?" आत्याने उलट चष्मा लावून तिन्ही पानं वाचली आणि विचारलं, "नाव मी सुचवलं तर चालेल?" तिला 'मृणालिनी' हवं होतं. दिलं. गेल्या आठवड्यात तिने हट्टाने ते प्रकरण वाचायला नेलं आणि रात्री फोन केला.

"वहिनीच्या ओळी माझ्यापेक्षा जास्त आहेत."

"आत्या, जे बोललात तेच लिहिलंय."

"ते राहू दे. रविवारी येते परत. मशीन चालू ठेव, आणि वहिनीला बाहेर पाठव कुठेतरी."