‘जरा बघून घ्या साहेब’

सोसायटी, म्हणजे सहकारी पतसंस्था, काढायचा विचार आहे म्हणता? उत्तम. बेळगावात गल्ली तिथं गणपती मंडळ आणि मंडळ तिथं सोसायटी, मग तुम्हीच मागं का राहावं? गाळा मिळतो, फर्निचर उधारीवर मिळतं, पिग्मी, म्हणजे दारोदारची रोजची छोटी बचत, गोळा करायला शिकलेली पोरं मिळतात. पिग्मी ही मुळात आपल्या कर्नाटकाचीच देणगी. 1928 साली उडुपीत सुरू झाली. अडचण एकच आहे. कधीतरी कुणीतरी हिशेब तपासायला येतं. आजचा सल्ला तेवढ्यापुरताच.

तयारी उद्घाटनापासून करायची. फीत कापायला आमदारांना बोलवाल, ते ठीकच. पण पडलेल्या उमेदवारालाही स्टेजवर खुर्ची द्या. पाच वर्षांनी कोण कुठं बसेल सांगता येत नाही. संचालक मंडळ निवडताना तर अजिबात दुजाभाव नको. 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात, काळी फीत लावून सायकल फेरीत जाणारा एक घ्या, आणि त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत नाचणारा एक घ्या. रस्त्यावर ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कर्जाच्या फायलीवर मात्र दोघांच्या सह्या शेजारी शेजारी पडतात, अगदी गुण्यागोविंदानं. भाषिक सलोख्याचं याहून चांगलं उदाहरण मी तरी बेळगावात पाहिलेलं नाही.

आता सीमाप्रश्न. तो 1956 पासून लोंबकळतोय, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तुम्हाला तो एका सर्वसाधारण सभेत सोडवता येतो. सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजकडचे सभासद करून घ्या आणि सोसायटी मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांची, करा. एकदा 2002 च्या बहुराज्य कायद्याखाली गेलात की बेंगळुरूचा निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, म्हणतो, हे आता माझ्याकडं नाही. पुण्याचा म्हणतो, माझ्याकडं कधी नव्हतंच. राहिला केंद्रीय निबंधक; तो दिल्लीला. कणकुंबीचा ठेवीदार बेळगावला यायचं तर एस्टीची वाट बघत दिवस घालवतो, तो दिल्लीला कधी पोचणार? मूळ कायद्यात एक सोय होती, एक पंचमांश सभासदांनी मागणी केली तर चौकशी व्हावी अशी. आमच्याकडं एवढे सभासद फक्त वार्षिक सभेच्या जेवणाला जमतात. 2023 च्या दुरुस्तीनं लोकपाल वगैरे आणलेत. ठेवीदारांना ते कळेपर्यंत तुमची दुसरी शाखा निघालेली असेल.

मल्टीस्टेट नको, राज्यातच राहतो म्हणाल तर फोनची कला शिकावी लागेल. इथं नवखे चेअरमन हमखास चुकतात. आमदारांकडून तपासणीच्या साहेबांना थेट सांगायला लावतात, तपासणी थांबवा म्हणून. असं कधी बोलू नये. ते बेकायदेशीर आहे, शिवाय हल्ली फोन रेकॉर्ड होतात. फक्त म्हणायचं, ‘जरा बघून घ्या’. कन्नडमध्ये ‘स्वल्प नोडी सर’. काय बघायचं, किती बघायचं, कुठल्या कपाटाकडं बघायचं नाही, यातलं काहीच त्यात नाही आणि सगळं आहे. तपासणी होतेच. फक्त साहेब आधी कळवून येतात, चहा घेतात, संचालकाच्या मेव्हण्याचं थकलेलं कर्ज नवं-जुनं होईपर्यंत, म्हणजे नवं कर्ज देऊन जुनं फेडलेलं दिसेपर्यंत, थांबतात, आणि मग अहवालात लिहितात की वसुलीत सुधारणेस वाव आहे. हे वाक्य फ्रेम करून लावायला हरकत नाही.

साहेब ऐकणारे नसतील तर? असतात असे, दर काही वर्षांनी एखादा निघतो. त्यांच्याशी भांडू नये. त्यांच्या कार्यक्षमतेची जाहीर तारीफ करावी आणि अशा माणसाची गरज चामराजनगरला जास्त आहे हे योग्य ठिकाणी पटवून द्यावं. खुर्ची जाईल म्हणून मुख्यमंत्रीसुद्धा वर्षानुवर्षं ज्या गावाला जायचं टाळत, तिथं साहेबांना पाठवण्यात केवढा मान आहे!

मनाला टोचणी लागली तर वरती बघा. देशाच्या रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात, 1934 च्या, कलम 7 आहेच की. गव्हर्नरशी सल्लामसलत करून सरकार जनहितासाठी बँकेला निर्देश देऊ शकतं. ‘जनहित’ हे ‘जरा बघून घ्या’चं दिल्लीतलं रूप. आपले सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढं अर्थमंत्री झाले आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून राजीनामा देऊन बाहेर पडले. त्या खात्यात पुढं कृष्णम्माचारी आले, आणि काही महिन्यांतच त्यांच्याशी खटका उडून गव्हर्नर रामा राव यांनी राजीनामा दिला. म्हणजे ज्या वर्षी आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्याच वर्षी सरकार आणि रिझर्व्ह बँकेच्या या खटक्याची सुरुवात झाली. एका प्रश्नाचा निकाल लागला नाही; दुसऱ्याचा लागला असं वाटत होतं, तर 2018 च्या ऑक्टोबरमध्ये डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी स्वायत्ततेवर जाहीर भाषण केलं आणि डिसेंबरात गव्हर्नर उर्जित पटेल ‘वैयक्तिक कारणास्तव’ गेले. गव्हर्नरला वैयक्तिक कारण मिळतं, आपल्या साहेबांना चामराजनगर. एवढाच फरक.

ठेवीदारांची काळजी करू नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला नसतो. पावतीवर हे छापत बसू नये, त्या जागी लक्ष्मी छापावी. लोक विचारत नाहीत. अर्धा टक्का व्याज जास्त असलं की लक्ष्मीच पुरते. मी हे अनुभवानं सांगतोय. माझीही ठेव एका सोसायटीत आहे. ‘होती’ म्हणायचं का, ते अजून ठरायचंय. तिथं तपासणी लागणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा मी स्वतः ओळखीच्या एका पुढाऱ्याला फोन लावला होता. माझी मुदत भरायला चार महिने होते. बोभाटा झाला तर लोक धावतील आणि माझे पैसे अडकतील, तेव्हा तपासणी जरा पुढं ढकला म्हटलं. नेमके शब्द सांगायचे तर, ‘जरा बघून घ्या’ म्हटलं. त्यांनी बघितलं. चार महिन्यांत आणखी कुणाकुणाचं कर्ज नवं-जुनं झालं ते मला पुढं कळलं.

तुमचंही शटर एक दिवस खाली येईल. तेव्हा तुम्ही इस्पितळात असाल, ते चेअरमनचं नेहमीचंच ठिकाण. बाहेर लोक निबंधकाच्या नावानं बोटं मोडतील, इतके दिवस झोपला होता काय म्हणून. ते त्यांना मोडू द्या. नंतर ते निवेदन लिहितील, एक प्रत कन्नडमध्ये, एक मराठीत, आणि आमदारांच्या घरी रांग लावतील. मीही त्या रांगेत असेन. दाराशी चपला काढताना सगळे मान खाली घालून असतात, म्हणून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर सहसा कुणाला दिसत नाही. ते तुमच्याच सोसायटीचं आहे.